एडीएचडीचं औषध बदलताना: आधी काय तपासायचं, मधले आठवडे कसे काढायचे

भारतात एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं, अस्वस्थपणा आणि उतावळेपणा यांच्या आजारासाठी, मुख्यतः दोन औषधं दिली जातात: मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन. काहींना जोडीला क्लोनिडीन दिलं जातं, काही प्रौढांना ब्युप्रोपिऑन. परदेशात सर्रास लिहून दिली जाणारी ॲम्फेटामाइन गटातली औषधं इथल्या केमिस्टकडे मिळत नाहीत. त्यामुळे डॉक्टर ‘औषध बदलून बघू’ म्हणतात तेव्हा वाटा मोजक्याच असतात. मिथाइलफेनिडेटचा प्रकार बदलायचा, त्यावरून ॲटोमॉक्सेटिनवर जायचं, तिकडून परत यायचं, किंवा काही काळ दोन्ही सोबत घ्यायची.

या दोन औषधांचा वेग अगदी वेगळा आहे. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी साधारण अर्ध्या तासात काम सुरू करते आणि तीन-चार तासांत तिचा असर ओसरतो. ॲटोमॉक्सेटिन रोज घेऊनही फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला कधी कधी तीन महिनेही. बदल फसतो तो बहुतेक इथेच. मिथाइलफेनिडेटची सवय झालेला माणूस ॲटोमॉक्सेटिनचा निकाल पाचव्या दिवशी लावतो. खाली डोसचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून. स्वतःच्या मनाने डोस वाढवणं, कमी करणं किंवा दुसऱ्याच्या गोळ्या घेऊन पाहणं यांत पडू नका.

औषध खरंच चुकलंय का?

बदलाची मागणी करण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, पुरेसा डोस मिळाला होता का? प्रौढांमध्ये मिथाइलफेनिडेट बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा असं सुरू होतं आणि दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवलं जातं. दिवसाची नेहमीची कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅम. सुरुवातीच्या डोसवरच दोन महिने काढून ‘हे औषध मला लागू पडत नाही’ असं ठरवलं जातं, तेव्हा औषधाची परीक्षा झालेलीच नसते. ॲटोमॉक्सेटिनचंही तसंच. प्रौढांत ४० मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि नेहमीचं लक्ष्य ८० असतं, फार तर १००. ७० किलोपर्यंतच्या मुलांमध्ये वजनाप्रमाणे, दर किलोला ०.५ मिलिग्रॅमपासून १.२ मिलिग्रॅमपर्यंत.

दुसरी, औषध कमी पडतंय की लवकर संपतंय? सकाळी ९ ते १२ काम छान होतं आणि दुपारी सगळं विस्कटतं, असं असेल तर औषध बरोबर आहे, त्याची लांबी कमी आहे. इथे औषध नाही, प्रकार बदलायला हवा. दिवसभरात कधीच काही फरक पडत नाही, ही वेगळी तक्रार आहे. डॉक्टरांना या दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगू नका.

तिसरी, मध्ये दुसरं काही आलंय का? फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं यकृतातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे ॲटोमॉक्सेटिन शरीरात साठत जातं. डोस तोच असला तरी रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकतं. अचानक मळमळ, धडधड किंवा लघवीला अडखळणं सुरू झालं आणि त्याच महिन्यात नैराश्याची गोळी सुरू झाली असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. सर्दीच्या गोळ्यांमधलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनही रक्तदाब वाढवतं. औषध सुरू असताना ‘साधी सर्दीची गोळी द्या’ असं केमिस्टला परस्पर सांगू नका.

चौथी, झोप. रोज पाच तास झोपणाऱ्याला कुठलंच औषध पुरत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि लोह एकदा तपासून घेतलेलं बरं. नैराश्य आणि चिंता यांमुळेही लक्ष उडतं, आणि तो भाग औषध बदलून सुटत नाही.

आधीचा आठवडा: वही

नवी गोळी सुरू होण्याआधी सात दिवस जुन्याच औषधावर नोंदी करा. त्याशिवाय नव्याची तुलना करायला हातात काही नसतं, आणि ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर डोस ठरवावा लागतो.

तीन कामं निवडा, खरी आणि मोजता येण्यासारखी. ‘एकाग्रता वाढावी’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘सकाळचे मेल ११ वाजेपर्यंत संपले का’, ‘मीटिंगमध्ये मधेच बोलणं तोडलं का’, ‘स्वयंपाक करताना गॅसवर काही करपलं का’ ही तपासता येतात. रोज ठरलेल्या तीन वेळांना, समजा ११, ४ आणि रात्री ८ला, प्रत्येकाला ० ते ३ गुण द्या. सोबत गोळीची वेळ, झोपेचे तास, भूक आणि चिडचिड लिहा. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसल्यावर, रक्तदाब आणि नाडी मोजा. वजन एकदा. लहान मुलांचं औषध बदलत असेल तर उंचीही, आणि वर्गशिक्षकांना फक्त दोन प्रश्न विचारून ठेवा: मूल जागेवर किती टिकतं आणि वहीतलं काम पूर्ण होतं का.

नवं औषध सुरू झालं की त्या पंधरवड्यात दुसरं काही बदलू नका. जिम, डाएट, चहा सोडणं, नवी नोकरी यातलं जे पुढे ढकलता येईल ते ढकला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. चहा-कॉफीचं प्रमाणही तेच राहू द्या, फक्त मिथाइलफेनिडेटचा डोस वाढत असताना ते अर्ध्यावर आणणं चांगलं. धडधड औषधाची की चौथ्या कपाची, हा घोळ मग होत नाही.

चिठ्ठी, केमिस्ट आणि साठा

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, त्यातली एक केमिस्ट स्वतःकडे ठेवतो आणि ती दोन वर्षं जपून ठेवणं त्याला बंधनकारक असतं. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे शेड्यूल एक्समधलं औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, तेव्हा प्रत्यक्ष भेट धरूनच वेळ आखा. ॲटोमॉक्सेटिनला मात्र साधी चिठ्ठी चालते.

व्यवहारात याचा अर्थ असा: शेवटची पट्टी उघडली की लगेच पुढची भेट ठरवा. डॉक्टर सुचवतील तो ब्रँड आणि ती ताकद जवळ मिळते का, हे दवाखान्यातूनच केमिस्टला फोन करून विचारा. गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात, गावी जाणार असाल तर पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि मूळ चिठ्ठी सोबत घ्या. तालुक्याच्या गावी शेड्यूल एक्सचा परवाना असलेलं दुकान सापडेलच असं नाही.

ब्रँड बदलणं हासुद्धा औषध बदलणंच आहे, हे दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत नीट लक्षात ठेवा. गोळीतून औषध बाहेर पडायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. केमिस्टने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी पट्टी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

साध्या गोळीवरून दीर्घकाळाच्या गोळीवर

हा सगळ्यांत सोपा बदल. आदल्या दिवशी साधी गोळी, दुसऱ्या दिवशी सकाळी नवी. मध्ये सुटीचा दिवस लागत नाही आणि हळूहळू कमी करण्याचीही गरज नसते. गणित साधारण असं असतं. १० मिलिग्रॅमची साधी गोळी दोनदा घेणाऱ्याला २० मिलिग्रॅमची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. दिवसभर, म्हणजे दहा-बारा तास चालणाऱ्या प्रकारात १८, ३६, ५४ अशा ताकदी असतात. ५ मिलिग्रॅम दोन-तीनदा घेणाऱ्याला १८, १० दोन-तीनदा घेणाऱ्याला ३६ आणि १५ दोन-तीनदा घेणाऱ्याला ५४.

आकडे जुळले तरी दिवस वेगळा वाटतो, आणि लोक इथे बिचकतात. साध्या गोळीचा ‘चालू झाली’ असा जो ठळक क्षण असतो तो एसआरमध्ये नसतो, कारण ती हळू चढते. पहिले दोन तास रिकामे वाटले तर गोळी पाऊण-एक तास आधी घेता येईल का, किंवा सकाळी एक छोटी साधी गोळी जोडता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. काम ठळकपणे ‘जाणवणं’ आणि काम होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वहीतले गुण पाहा.

या गोळ्या अर्ध्या करायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, कुटून मधातून द्यायच्या नाहीत. तसं केलं तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. बारा तासांच्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून तसंच बाहेर पडतं, त्याला घाबरू नका, आतलं औषध शोषलं गेलेलं असतं. सकाळची दीर्घ गोळी राहिली आणि दुपार झाली तर ती त्या दिवशी सोडून द्या. दुपारी दोनला घेतलेली बारा तासांची गोळी रात्री दोनपर्यंत जागवते. राहून गेलेल्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मिथाइलफेनिडेटवरून ॲटोमॉक्सेटिनवर

चिंता वाढली, स्नायूंचे नकळत होणारे बारीक झटके (टिक्स) वाढले, भूक अगदीच गेली, संध्याकाळची उतरण, म्हणजे औषध ओसरतानाची चिडचिड, सोसवेना, किंवा व्यसनाचा इतिहास आहे, अशा कारणांनी हा बदल होतो. इथे घाई करून मिथाइलफेनिडेट पहिल्याच दिवशी बंद केलं तर पुढचे चार-सहा आठवडे हातात काहीच राहत नाही. म्हणून त्रास फार गंभीर नसेल तर बरेच डॉक्टर दोन्ही काही काळ सोबत ठेवतात: पहिले दोन ते चार आठवडे मिथाइलफेनिडेट तसंच, ॲटोमॉक्सेटिन ४० मिलिग्रॅमवरून चढतं, मग मिथाइलफेनिडेट पायरीपायरीने कमी. दोन्ही औषधं नाडी आणि रक्तदाब वाढवतात, म्हणून या आठवड्यांत मोजमाप दोनदाऐवजी एक दिवसाआड करा.

पहिल्या दहा दिवसांत अनेकांना मळमळ होते. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली तर ती जास्त जाणवते. चहा-बिस्किटावर नाही, पोटभर न्याहारीनंतर घ्या. तरी त्रास होत असेल तर डोस सकाळ-संध्याकाळ विभागून देता येतो, किंवा रात्रीच्या जेवणानंतर घेता येतो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, घाम, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, लैंगिक इच्छेत किंवा क्रियेत बदल हे दुष्परिणाम होतात. शेवटचा सांगायला लोक लाजतात आणि गुपचूप औषध सोडतात. डॉक्टरांना सांगा, डोस आणि वेळ बदलून बऱ्याचदा फरक पडतो. कॅप्सूल उघडू नका, आतली पूड डोळ्यांना झोंबते.

परिणाम दिसतो तो हळू. पहिल्यांदा बहुधा घरच्यांच्या लक्षात येतं की माणूस मधेच उसळत नाही, बोलणं ऐकून घेतो. कामाची सुरुवात सोपी होणं त्यानंतर येतं. हे औषध शनिवार-रविवारी सोडायचं नसतं. एखादा दिवस राहिला तर पुढच्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीचाच डोस. पूर्ण डोसवर सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय निकाल देऊ नका, पण गंभीर त्रास झाला तर आठवडे मोजत बसू नका.

ॲटोमॉक्सेटिनवरून मिथाइलफेनिडेटवर

ॲटोमॉक्सेटिन अचानक थांबवलं तरी साधारणतः अंगावर येत नाही, त्यामुळे डॉक्टर ते थेट बंद करून दुसऱ्या दिवसापासून मिथाइलफेनिडेट सुरू करू शकतात. पूर्वी मिथाइलफेनिडेट मोठ्या डोसमध्ये घेतलं असलं तरी आता सुरुवात लहानातूनच. पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, भूक मरणं, झोप लांबणं दिसतं आणि बहुतेकांचं पुढे कमी होतं. संध्याकाळी औषध ओसरताना तासभर चिडचिड किंवा उदासी येते. ती रोज एकाच वेळी येत असेल तर मोठा वाद, हिशेब आणि मुलांचा अभ्यास त्या तासाबाहेर ठेवा, आणि भेटीत ती वेळ सांगा. दुपारी छोटी गोळी जोडून ही उतरण सौम्य करता येते.

क्लोनिडीनबाबत एकच गोष्ट, पण महत्त्वाची. ते कधीही एकदम थांबवायचं नाही. रक्तदाब उसळी मारून धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. ते दर तीन ते सात दिवसांनी थोडं थोडं असंच उतरवतात, आणि गावाला जाताना विसरायचं नाही अशा गोळ्यांत ते पहिलं.

अमेरिकेहून, इंग्लंडहून परतणाऱ्यांसाठी

तिकडे लिसडेक्सॲम्फेटामाइन किंवा ॲम्फेटामाइन क्षारांवर असाल, तर ते इथे पुढे चालू ठेवता येणार नाही. पोस्टाने मागवू नका, कोणाच्या बॅगेतून तर मुळीच नाही, अमली पदार्थांचा १९८५चा कायदा लागू होतो. निघण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी तिकडच्याच डॉक्टरांकडे मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिनवर जाण्याचं काम सुरू करा. घर हलवणं आणि औषध बदलणं एकाच आठवड्यात केलं की दोन्ही बिघडतात. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असं रूपांतर या दोन गटांत होत नाही, नव्याने लहान डोसपासून चढावं लागतं. निदानाचा मूळ अहवाल आणि डोसचा इतिहास छापून आणा, इथल्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

दिवस कसा बसवायचा

औषध लक्ष टिकवायला मदत करतं, ते कशावर टिकवायचं हे सांगत नाही. गोळी चढताना हातात मोबाइल असेल तर पुढचे तीन तास अतिशय एकाग्रतेने रील पाहिल्या जातात. म्हणून गोळी घेतल्याबरोबर कामाची जागा तयार करा: फाइल उघडी, वही समोर, फोन दुसऱ्या खोलीत. पहिलं काम आदल्या रात्री कागदावर लिहिलेलं असावं, आणि ते इतकं लहान की विचार न करता सुरू होईल. ‘अहवाल लिहिणे’ नव्हे, ‘अहवालाचं शीर्षक आणि पहिल्या तक्त्यातले आकडे’.

साध्या गोळीची वेळ कामाप्रमाणे ठरते. विरार किंवा बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्याने घरातून निघताना गोळी घेतली तर तिचा निम्मा काळ डब्यात उभं राहण्यात जातो. अशा वेळी न्याहारी घरी आणि गोळी उतरायच्या स्टेशनाआधी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

खाण्याचं गणित आधीच मांडा. दुपारी भूक लागणार नाही, हे धरून चला. गोळी चढण्याआधी भरपूर आणि प्रथिनं असलेली न्याहारी करा: अंडी, मुगाचे घावन, थालीपीठ-दही, भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे. दुपारी डबा भूक नसली तरी घड्याळाप्रमाणे अर्धा खा, ताक किंवा दूध चालतं. रात्री भूक परत येते, तेव्हा जेवण हातापाशी तयार असावं, नाहीतर फरसाणावर भागतं. चतुर्थी, नवरात्र किंवा रोजे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. उपाशीपोटी ॲटोमॉक्सेटिन अनेकांना सोसत नाही, आणि दिवसभर पाणीही न पिता मिथाइलफेनिडेट घेतल्यास डोकेदुखी व धडधड वाढते. आजारपणात उपवासाला सूट असतेच, आणि हा आजार आहे.

वेळ डोळ्यांना दिसली पाहिजे. काट्यांचं मोठं घड्याळ समोर लावा. पंचवीस मिनिटांचा गजर अनेकांना लागू पडतो, पण कामात शिरायलाच वीस मिनिटं लागत असतील तर पन्नासचा लावा. एकट्याने काम सुरू होत नसेल तर कोणाला शेजारी बसवा, त्यांनी आपलं काम करावं, तुम्ही तुमचं. लायब्ररी आणि अभ्यासिका याच कारणाने उपयोगी पडतात. औषध बदलण्याच्या आठवड्यांत मोठे निर्णय, लांबचं ड्रायव्हिंग आणि दारू टाळा. बिलं, ईएमआय स्वयंचलित करून टाका, निदान तेवढं तरी लक्षावर अवलंबून राहत नाही.

लगेच फोन कधी करायचा

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं झालं तर गोळी थांबवून थेट इस्पितळात जा. बसल्या जागी नाडी सतत १२०च्या वर किंवा रक्तदाब पुनःपुन्हा १४०/९०च्या वर राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गडद लघवी, डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं ही ॲटोमॉक्सेटिनवर यकृताच्या त्रासाची लक्षणं असू शकतात. तो दुर्मीळ आहे, पण वाट पाहायची नाही. नसलेले आवाज ऐकू येणं, संशय, झोपेविना अफाट उत्साह, चार तासांहून लांबलेली लिंगाची वेदनादायक ताठरता हीसुद्धा तातडीची कारणं. ॲटोमॉक्सेटिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून पहिले काही महिने घरच्यांनी मुलाशी रोज मोकळेपणी बोलावं आणि थेट विचारावं. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

काचबिंदू, हृदयाचा जन्मजात दोष, पूर्वी आलेला उन्मादाचा झटका, घरात कमी वयात अचानक झालेला हृदयविकाराचा मृत्यू, गरोदरपण किंवा त्याचा विचार, आणि गेल्या १४ दिवसांत घेतलेली एमएओआय गटातली औषधं (यात नैराश्यावरची काही जुनी औषधं येतात), हे सगळं पहिली गोळी घेण्याआधी सांगायचं.

पुढच्या भेटीला वही, रक्तदाबाचे आकडे आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन जा. पट्टी पाहिली की किती डोस राहिले हे लपत नाही, आणि ते लपवायचंही कारण नाही. पाच दिवस गोळी विसरली असेल तर डॉक्टर डोस वाढवायच्या ऐवजी डबीची जागा बदलायला सांगतील. डोस स्थिर झाल्यावरही दर सहा महिन्यांनी नाडी-रक्तदाब आणि वजन, वाढत्या मुलांमध्ये उंचीही तपासून तक्त्यात भरा. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी.